ओबुराचे हात

अपोंडी किसुमूहून ते यंत्र घेऊन आली त्या दिवशी ओबुराने स्वतः कोंबडा कापला. लेक एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची. शहरात ती बायकांच्या वेण्या घालायच्या दुकानात कामाला होती, आणि येताना साखर, साबण, आईसाठी एखादं रंगीत कापड असं काहीबाही आणायची. या खेपेला पिशवीतून तिने एक काळी, चपटी वस्तू काढली. चहाचा ट्रे असावा तशी. वर रबराचे आठ चौकोन आणि कडेला बारीक दिवे.

"हे काय गं? यावर मासळी वाळवायची का?" ओबुराने विचारलं.

"बाबा, हा ढोल आहे."

ओबुरा हसला. अकेयो, त्याची बायको, चुलीपाशी बसून भाजी निवडत होती, तीही हसली. अपोंडीने मात्र दोन बारीक काठ्या काढल्या, वायर जोडली आणि एका चौकोनावर टोला मारला. आवाज आला तो कुठल्या तरी परक्या मुलखातल्या बँडचा, रिकाम्या पिंपावर खडा आपटावा तसा.

"नवशिक्यांसाठी असतं हे," ती सांगू लागली. "स्वस्तातलं आहे. कानाला हेडफोन लावून वाजवलं तर शेजारच्या खोलीत पत्ताही लागत नाही. आणि आत आपल्याला हवा तो आवाज भरता येतो. पण आपल्या ओहांगलाचा एकही आवाज नाही यात. मला तुमच्या ढोलांचे आवाज भरायचेत. मला शिकायचंय, बाबा."

ओबुराने त्या काळ्या वस्तूकडे पाहिलं, मग लेकीकडे.

ओहांगला म्हणजे घोरपडीच्या कातड्याने मढवलेले ढोल. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने मांडलेले, आणि एक लांबोडका, काखेत धरायचा. ओबुराच्या बापाने ते वाजवले, आजाने वाजवले. ओबुरा मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यामागे बसत आला होता. न्यांग्वेसो गायक, ओबुरा ढोलवाला. या जोडीशिवाय बोंडोपासून उगेन्यापर्यंत मोठं लग्न लागत नव्हतं की मोठं माणूस मातीत जात नव्हतं. ओबुराला दोन मुलगे. एक नैरोबीत ट्रक चालवायचा, दुसरा कुठल्या तरी इमारतीच्या दारावर उभा असायचा. दोघांनाही ढोलाचं वेड नव्हतं. वेड होतं ते अपोंडीला. लहानपणी ती घरातल्या प्रत्येक भांड्यावर ठेका धरायची. पण आजोबा होते तोवर ढोलाला हात लावायची तिची टाप नव्हती. बाईचा हात लागला की कातडं सैल पडतं, असं म्हातारा म्हणायचा आणि हातातली काठी उगारायचा.

आज तीच पोर, वाढलेली, कमावती, स्वतः चालून आली होती. ओबुरा उठला आणि सगळ्यांत तगडा कोंबडा धरून आणला.

ढोल अंगणात मांडून होतात न होतात तोच न्यांग्वेसो मोटारसायकलवरून आला. पोटाशी एक पेटी धरलेली. पेटीत माइक होता, त्यांच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळीतल्या पियानोवाल्याचा.

"तू कसा काय इथं?"

"अपोंडीने फोन केला, चांगला माइक पाहिजे म्हणून. म्हटलं, पोरगी शिकत्येय, आपण मदत नको का करायला? ओबुराची लेक ती माझी लेक, ओमेरा."

ओमेरा म्हणजे दोस्ता. त्याच्या तोंडी तो शब्द फार गोड लागायचा. त्याच्या गळ्यामुळे असेल.

मग दुपारभर ते काम चाललं. न्यांग्वेसो माइक धरायचा, अपोंडी बटणं दाबायची, ओबुरा वाजवायचा. आधी थोरला ढोल. मधोमध तळहाताने, मग काठावर बोटांनी, मग दाबून धरून दबका ठोका. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या ढोलाचं कातडं एकदा फाटलं होतं, ते ओबुराने स्वतः शिवलेलं. त्यावर टोला मारला की शेवटी बारीक झर्र असा आवाज यायचा. "हा राहू दे," अपोंडी म्हणाली, "हा तर तुमचाच." शेजारच्या घरी अकेयोने निरोप धाडून रेडिओ बंद करवला, आणि कोंबड्या ओरडू नयेत म्हणून त्यांना मागच्या बाजूला दाणे टाकून ठेवलं. सगळं अंगण जणू ओबुराच्या हाताकडे कान लावून बसलं होतं.

"आता सलग वाजव," न्यांग्वेसो म्हणाला. "लग्नाचा ठेका घे. मग मर्तिकाचा. मग ती आपली संथ चाल, म्हाताऱ्यांसाठीची."

"सलग कशाला? शिकायला एकेक ठोका पुरे."

"ऐकून ऐकूनच शिकणार ना मी, बाबा," अपोंडी म्हणाली. ती बटणांकडे बघत होती.

ओबुराने वाजवलं. सगळे ठेके वाजवले. त्याच्या उजव्या अंगठ्याचं मूळ गेल्या पावसापासून सुजायचं, आत कोणी तरी कोळसा ठेवल्यासारखं जळायचं. त्या दिवशीही जळत होतं. त्याने ते कोणाला दाखवलं नाही. शेवटच्या ठेक्याला त्याचा हात किंचित अडखळला, तेव्हा न्यांग्वेसोने अंगठ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "पुन्हा एकदा घेऊ," एवढंच तो म्हणाला, अगदी मऊपणे.

जेवताना ओबुराने कोंबड्याचा पेटा, पोटातला तो मानाचा तुकडा, न्यांग्वेसोच्या ताटात टाकला. पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा असतो. तो दुसऱ्याच्या ताटात टाकणं म्हणजे त्याला भाऊ म्हणणं. न्यांग्वेसोने तो मक्याच्या उगालीच्या घासाबरोबर मान खाली घालून खाल्ला.

पुढचे काही रविवार अपोंडी न चुकता आली. ओबुरा तिला समोर बसवायचा आणि तिच्या गुडघ्यावर ठेका धरायचा. तिचा हात जड होता. डोकं पुढे आणि हात मागे असं तिचं व्हायचं. "वेण्या घालतेस तशी वाजवू नकोस," तो म्हणायचा, "इथं कुणाचे केस ओढायचे नाहीत." ती हसायची, पुन्हा करायची, पुन्हा चुकायची. तो म्हणायचा, आता खऱ्या ढोलावर बस. ती म्हणायची, पुढच्या खेपेला. एकदा तिने यंत्रावर काहीतरी दाबलं आणि ओबुराचाच लग्नाचा ठेका आपोआप वाजू लागला. वरून ती अधूनमधून एकेक टोला मारत होती.

"हे वाजवणं नव्हे," ओबुरा म्हणाला. "हे म्हणजे माझ्या पाठीवर बसून नदी ओलांडणं झालं."

"सुरुवातीला असंच असतं, बाबा. मग जमतं."

त्यालाही ते पटलं. कोणतं मूल आधी पाठीवर बसत नाही?

मग हळूहळू न्यांग्वेसोचे फोन कमी झाले. आधी दर शनिवारी कुठे ना कुठे असायचं. मग एक शनिवार कोरडा, मग दुसरा. ओबुराने विचारलं तर न्यांग्वेसो फोनवर उसासा टाकायचा.

"दिवस वाईट आहेत, ओमेरा. लोक हल्ली मेले तरी गुपचूप पुरतात. लग्नं तर पळूनच करतात. तू विश्रांती घे. काही आलं की पहिला फोन तुलाच."

अपोंडीचे रविवारही थांबले. दुकानात गर्दी असते, म्हणाली. ओबुराने यात काही वावगं पाहिलं नाही. सकाळी गाय बांधायची, मक्यात फिरून यायचं, दुपारी ढोलांवरची धूळ फडक्याने पुसायची. अकेयो त्याचा अंगठा मिठाच्या गरम पाण्याने शेकायची. त्या दिवसांत ती फार बोलत नसे, पण ती तशी अबोलच होती.

अशात उगेन्याहून खबर आली, की ओबुराचा मामा गेला. आईचा सख्खा भाऊ, चांगला पिकलेला म्हातारा. शनिवारी माती होती.

"एवढ्या लांब कशाला जाता?" अकेयो म्हणाली. "अंगठा बघा जरा. मी चहापत्ती, साखर पाठवून देते कोणाबरोबर तरी."

"मामा मेलाय माझा. अंगठा नाही मेला."

"तरी पण, अपोंडीचे बाबा…"

"तरी पण काय?"

तिने मान हलवली आणि त्याचा कोट झटकून दिला.

ओबुरा मटाटूच्या, त्या खचाखच भरलेल्या छोट्या बसच्या, मागच्या बाकावर कोंबून बसला, फाट्यावर उतरला आणि मातीच्या रस्त्याने इतर माणसांबरोबर चालू लागला. बायका विलाप करत पुढे चालल्या होत्या. घर अजून दिसतही नव्हतं, तेवढ्यात वाऱ्यावरून ओहांगलाचा आवाज आला, मोठ्या कर्ण्यांतून. मामाच्या शहरातल्या मुलांनी मंडळी बोलावलेली दिसत होती. चांगलं केलं, ओबुराला वाटलं. आणि पुढच्याच पावलाला तो थबकला.

माणूस आपला खोकला ओळखतो तसा त्याने तो ठेका ओळखला. मर्तिकाचा ठेका, तिसऱ्या आवर्तनाला थोरल्या ढोलावरून हात उचलून क्षणभर थांबायची त्याची स्वतःची लकब. आणि मध्येच, ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू येईल असं, चौथ्या ढोलाचं झर्र.

शेजारून एक म्हातारा नातलग काठी टेकत चालला होता. त्याने ओबुराकडे नीट निरखून पाहिलं.

"अरे, तू इथं? मग तिकडं वाजवतंय कोण?"

ओबुराने कर्ण्यांच्या दिशेने मान वळवली.

"मी तर मघापासून म्हणतोय, ओबुराच आला असणार. मामासाठी काय जीव लावून वाजवतोय भाचा." म्हातारा काठी उचलून पुढे निघाला. "कान गेले माझे."

मांडवाच्या टोकाला न्यांग्वेसो गात होता. काळा चष्मा, पांढरा सदरा. बाजूला पियानोवाला. आणि त्याच्या शेजारी, ओबुराच्या जागेवर, ते काळं ताट पायांवर उभं केलेलं, आणि त्यामागे मंडळीचा निळा सदरा घालून उभी असलेली अपोंडी. काठ्या तिच्या हातात होत्या. मध्येच एखादा टोला ती मारत होती. उरलेलं सगळं ओबुरा वाजवत होता.

तो आधी मामापाशी गेला. शवपेटीच्या काचेतून त्या सुकलेल्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला, जे म्हणायचं ते म्हणाला. मामेबहिणींना भेटला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला रडू यायला हवं होतं, पण कर्ण्यांतून येणारे स्वतःचेच हात त्याला रडू देईनात. मग त्याने खिशातून एक नोट काढली, हात उंच केला आणि मांडवातून सरळ मंडळीच्या दिशेने चालू लागला.

ओहांगलाच्या बैठकीत ही रीतच आहे. कोणीही उठावं, नोट दाखवून वाद्य थांबवावं आणि चारचौघांत आपली किंवा आपल्या माणसाची तारीफ करावी. असा हात वर झाला की गायकाला थांबावंच लागतं. न्यांग्वेसोने हात पाहिला आणि सवयीने गाणं आवरतं घेतलं. मग हाताखालचा माणूस पाहिला. त्याचा सूर मध्येच तुटला. पियानो थांबला. अपोंडीने मान वर केली, बापाला पाहिलं आणि भाजल्यासारख्या दोन्ही काठ्या उचलल्या.

ढोल चालूच राहिले.

कोणी मारत नव्हतं आणि ढोल वाजत होते, ऐटीत, एकही मात्रा न चुकता. मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. त्याला वाटलं ही करामत आहे. अपोंडी बटण शोधत होती. सापडेपर्यंत ओबुरा आपल्याच हातांसमोर हात वर करून उभा होता.

मग सगळं शांत झालं.

"मी ओबुरा," त्याने सुरुवात केली, रीतीप्रमाणे, खड्या आवाजात. "सरोवराकाठचा. ज्याच्या ढोलाला पाण्यातले बगळेसुद्धा माना डोलावतात."

"हो," मांडवातून म्हाताऱ्यांनी साथ दिली.

"ज्याला बोलावल्याशिवाय या मुलखात कोणी मरत नसे."

"हो." थोडे हसले.

"आज मी माझ्या मामाला रडायला आलो. इथं येऊन बघतो तर मी आधीच पोचलेलो. माझे हात माझ्या आधी आलेत. मी घरी बसून मका राखत होतो आणि माझे हात गावोगाव फिरत होते. मामा, भाच्याने तुझ्यासाठी वाजवलं एवढं ध्यानात ठेव. भाच्याला मात्र कोणी बोलावलं नव्हतं."

या वेळी कोणी हो म्हटलं नाही. ओबुराने ती नोट गायकाच्या खिशात खोचली नाही. अपोंडीपुढच्या रबराच्या चौकोनावर ठेवली, वर तळहाताने दाबली. यंत्रातून एक हलका ठोका निघाला. तो मागे वळला आणि मांडवाबाहेर गेला.

न्यांग्वेसोने त्याला कोठाराच्या मागे गाठलं. अपोंडी चार पावलं मागे उभी राहिली.

"भर मर्तिकात हे बरं केलं नाहीस, ओमेरा."

"मला ओमेरा म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत. पण ऐक. तुझा अंगठा मी दोन पावसाळे बघतोय. सियायातल्या त्या लग्नात तू तीनदा ठेक्यातून सुटलास. लोक मला विचारायला लागले. मी तुला काढून दुसरा कोणी आणला असता तर बरं दिसलं असतं का? उलट तुझाच हात ठेवला मी."

"मग मला तोंडावर का नाही सांगितलंस?"

न्यांग्वेसोने चष्मा काढला. त्याचे डोळे थकलेले होते. "सांगितलं असतं, तर आवाज दिले असतेस?"

"नसते दिले."

"मग," न्यांग्वेसो म्हणाला. एवढंच. जणू हिशेब मिटला.

ओबुराने लेकीकडे पाहिलं. "आणि तू शिकायला आली होतीस."

"शिकायचंच होतं, बाबा. पण न्यांग्वेसोकाकांनी आधी हे सांगितलं. म्हणाले, बाबांची जागा जाणारच आहे, घरातच राहिली तर काय वाईट? मला वाटलं, तुमच्या जागी दुसरं कोणी बसण्यापेक्षा मी…"

"माझ्या जागी बसायला मी उठलो कधी होतो?"

मांडवातून कोणीतरी गायकाला हाक मारली. न्यांग्वेसो गेला. थोड्या वेळाने अपोंडीही गेली, कारण ढोलांशिवाय माती कशी द्यायची? ओबुरा फाट्यापर्यंत पोचला तरी त्याला स्वतःचा ठेका ऐकू येत होता.

घरी पोचला तेव्हा अकेयो अंगणात मका पाखडत होती. त्याने कोट काढला नाही.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

ती पाखडत राहिली.

"म्हणून जाऊ देत नव्हतीस."

"तुमचा अंगठा शेकते मी," ती म्हणाली. "झोपेत कण्हता ते मीच ऐकते. पोरगी म्हणाली, आई, बाबांना आराम मिळेल आणि ढोल घरातून जाणार नाही. मला त्यात वाईट दिसलं नाही."

"केव्हापासून?"

"अपोंडीचे बाबा, जेवून घ्या आधी."

"कोंबडा शिजवलास तेव्हा माहीत होतं?"

अकेयोने सूप खाली ठेवलं. त्यातले खडे निवडू लागली, एकेक करून, आणि वर पाहिलं नाही. तेच उत्तर होतं. ओबुराला ती दुपार आठवली. बंद केलेला रेडिओ, मागच्या बाजूला नेलेल्या कोंबड्या, दारात तोंडावर बोट ठेवून उभी असलेली बायको. त्या अंगणात काय चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं. ज्याने कोंबडा धरून आणला त्याला सोडून. काढून टाकलं त्याचं दुःख त्याने गिळलं असतं. ढोलवाल्याचे हात कधीतरी जातातच, बापाचेही गेले होते. पण हे ऐकायची त्याच्यात ताकद नाही असं तिघांनी बसून ठरवलं, आणि मग त्याच्याचकडून हसत खेळत काढून घेतलं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

टेकडीवर पांढऱ्या झग्यांच्या भजनी मंडळींचं प्रार्थनाघर होतं. ते लोक कधीपासून ढोल मागत होते. पुढच्या आठवड्यात ओबुराने सगळे ढोल गाढवाच्या गाडीवर चढवले आणि त्यांना देऊन टाकले. लांबोडकासुद्धा. अकेयोने अडवलं नाही. ते दोघं एकाच घरात राहिले, एकाच ताटातलं जेवले. पण अंगठा तो आता स्वतःच शेकू लागला.

मग सुरू झाली आणखी एक विटंबना. ओबुराचे हात सुटले ते सुटलेच. न्यांग्वेसोच्या पियानोवाल्याने ते आवाज आपल्या दोस्ताला दिले, त्याने आणखी कोणाला. कधी बाजारात मोटारसायकलवाल्याच्या फोनमधून थोरला ढोल ऐकू यायचा, कधी रेडिओवर कुठल्याशा पोरसवदा गायकामागे चौथ्याचं झर्र. ज्यांचं तोंडही ओबुराने पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी तो वाजवत होता. चहाच्या टपरीवर लोक मजा करायचे.

"ओबुरा, काल तू एकाच वेळी दोन लग्नांत होतास म्हणे. बायकोला सांगितलंस का?"

"ती तिसऱ्या लग्नात होती," तो म्हणायचा, आणि लोक हसायचे. हसून झालं की तो चहा अर्धा टाकून उठायचा.

मका काढून झाल्यावर एका दुपारी अपोंडी आली. हातात ते यंत्र, कापडात गुंडाळलेलं. ओबुरा कुंपणाला काटे लावत होता. ती आधी आईपाशी बसली. अंगणातलं बोलणं कुंपणापर्यंत ऐकू येत होतं.

"शनिवारी ठरल्या जागी जाऊन उभी राहिले, तर गाडी गेलेली. फोन केला तर कोणी उचलेना. मग दुकानातल्या एका बाईने लग्नाचं चित्रण दाखवलं. पियानोवालाच सगळं वाजवतोय. एका बोटाने. म्हणे सगळे आवाज त्याच्या पियानोतच आहेत, मग आणखी एक माणूस गाडीत कशाला कोंबायचं?"

"तुला सांगितलं नाही कोणी?" अकेयोने विचारलं.

"नाही."

ओबुराने एक काटा तारेत अडकवला, मग दुसरा. त्याला आनंद व्हायला हवा होता, किंवा पोरीची दया यायला हवी होती. दोन्हीतलं काही आलं नाही.

ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, मला खरा ढोल शिकवा."

"ढोल इथं नाहीत. टेकडीवर दिलेत. तिथं बायकाही वाजवतात. जा, शिकवतील."

"तुम्ही नाही शिकवणार?"

"शिकवलं होतं मी. तू भरून घेतलंस." त्याने तार ओढून पीळ दिला. "आता माझ्याकडं शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

अपोंडीने खाली बसून कापड सोडलं. यंत्र मांडीवर घेतलं. "मी सगळे पुसून टाकते. तुमच्यासमोर."

"पूस. काय होणार त्याने? गावभर झालेत ते."

तरी तिने पुसले. एकेक चौकोन निवडायचा, दाबून धरायचं, दिवा विझायचा. मग काठीने एक टोला मारून बघितला. नुसता रबराचा थप्प आवाज आला. ओबुरा कुंपणाकडेच बघत होता. पण त्याचे हात थांबले होते.

निघताना अकेयोने तिच्या पिशवीत सुकी मासळी बांधून दिली. घरातून जाणाऱ्याला रस्त्यापर्यंत पोचवायचं असतं. ओबुरा पोचवायला निघाला. रस्त्यावर एका झाडाखाली उभे राहिले.

"बाबा, रागवा तरी."

"राग असता तर बरं होतं," तो म्हणाला. "राग उतरतो."

वळणावरून मटाटू आली. लांबूनच गाणं ऐकू आलं, आणि गाण्याखाली ढोल. लग्नाचा ठेका. गाडी समोर येऊन थांबली, दार उघडलं, पोऱ्याने हात बाहेर काढला. "किसुमू, किसुमू. एक जागा आहे, ताई, बसा." आतला आवाज रस्त्यावर सांडला. अपोंडी जागची हलली नाही. तिने मान हलवली. पोऱ्याने दार आपटलं आणि गाडी धूळ उडवत गेली.

दुसरी गाडी यायला खूप वेळ लागला. ऊन कलायला आलं. तोवर दोघं तसेच उभे होते, बाप आणि लेक, मध्ये ती पिशवी. दुसऱ्या गाडीत कोणीतरी बातम्या लावल्या होत्या. अपोंडी चढली. खिडकीतून तिने बघितलं, तेव्हा ओबुराने हात वर केला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो वळला आणि घरी गेला.